काखेतली दौत

तीन हिवाळे मी शाई काखेत धरून चाललो.
बैलाच्या शिंगाची दौत, तोंडाशी लोकरीचा बोळा,
बाहेर काढली की चार ओळींत गोठायची.
याकूत्स्कहून निघालेल्या चौदा जणांत
लिहिता येणारा मी एकटा.
म्हणून माझ्या पाठीवर पीठ कमी, कागद जास्त.

नायक मिकूला सांगायचा, मी उतरवायचो:
सेबलची कातडी एकशे चाळीस.
या ओढ्याच्या मुखापासून खिंडीपर्यंत नऊ दिवस.
माणसं कमी झाली तीन, त्यांतला एक बर्फाखाली.
सुभेदाराला एवढंच हवं होतं.
बाकीचं कुणी मागितलं नाही,
ते माझ्याकडेच राहिलं.

म्हणजे, थुंकी जमिनीवर पडण्याआधीच तडकते, ते.
श्वास सोडला की कानाशी बारीक सळसळ होते,
कुणी अंधारात राय ओततंय अशी.
पहिल्या रात्री मी मागं वळून पाहिलं,
कोण आहे? कोणीच नव्हतं.
वाटाड्या इर्गिची हसला,
म्हणाला, तुझंच आहे ते, पडू दे.

मध्यरात्री लार्चची खोडं फुटत. बंदुकीसारखी.
पहिल्या महिन्यात आम्ही उठून बसायचो,
दुसऱ्या महिन्यात कूस बदलायचो.
सावेलीनं घाईत कुऱ्हाड उघड्या हातानं उचलली,
तळव्याची साल पात्यावर राहिली, पांढरी,
कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.
तो ओरडला नाही. नुसता बघत राहिला तिच्याकडे.

आणि वास नाही. कशालाच नाही.
रेनडिअरला नाही, धुराला जेमतेम, आम्हाला तर नाहीच,
आणि आम्ही ऑक्टोबरपासून अंग धुतलं नव्हतं.
नाक म्हणजे चेहऱ्यावरचं एक दुखणारं हाड.
मग मार्चच्या शेवटी एका दुपारी
झाडाची साल ओली झाली आणि
तो डिंकाचा, कुजक्या पानांचा, मुताचा वास
एकदम अंगावर आला.
चार दाढीवाले गडी खोडाला नाक लावून उभे.
मी त्यांतला एक.

तोवर हिरड्या लोण्यासारख्या झालेल्या,
भाकरीवर माझंच रक्त, गंजलेल्या खिळ्याच्या चवीचं.
इर्गिचीची बहीण बुटक्या देवदाराच्या सुया उकळायची.
कडू. इतकं कडू, की डोळे पुसावे लागत.
ती भांडं हातात धरून समोर बसायची,
संपेपर्यंत उठायची नाही.
तिचं नाव मी विचारलं नाही.
कातड्यांच्या यादीत तिच्या घरची अकरा आहेत.

उन्हाळ्यात डास. त्यावर बोलत नाही.

खिंड चढलो त्या दिवशी धुकं होतं.
फोमा पुढं होता, श्वेत समुद्राकाठचा, कोळ्याचा पोर.
तो थांबला. टोपी काढली.
आम्हाला काही कळेना, वारा तर नेहमीचाच,
जरा ओला, जरा सडलेला.
तो म्हणाला, आमच्या मागच्या दारी असंच येतं,
आई मासळी खारवते तेव्हा.
आणि मटकन खाली बसला.
समुद्र दिसायला आणखी दोन दिवस लागले.

ज्या नदीकाठानं उतरलो तिचं नाव
इर्गिचीनं तीनदा सांगितलं. ङेरी.
पहिलाच आवाज नाकात, घशाच्या मागं,
घंटा थांबल्यावर पितळेत उरतो तसा.
आमच्या लिपीत त्याला अक्षर नाही.
मिकूला म्हणाला, लिही, नदी, बिननावाची,
काठावर वस्ती नाही.
इर्गिची शेजारीच बसून बूट शिवत होता.
मी नदी लिहिलं, आणि पुढं
बोटभर जागा कोरी सोडली.
तोबोल्स्कच्या नकलनविसानं ती मिटवून टाकली,
कागद महाग.

आता भट्टीवर झोपतो. काखेत शिंगाचा वण आहे,
गोल, थंडीत खाजतो.
कधी रात्री नाक चिमटून तो आवाज काढून बघतो.
जमत नाही. दुसऱ्यांदा थोडा जमतो.
बायको खालून विचारते,
पोटात दुखतंय का?